हाताच्या अंतरावर

रत्नागिरीच्या बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी माऊस बदलून घ्यायला गेलो होतो आणि उशीर होतोय म्हणून कुरकुरत होतो. माझ्यापुढे साठीच्या एक बाई मोठा मॉनिटर घेत होत्या. त्यांचा मुलगा ज्या जहाजावर होता, त्याचा संपर्क तुटला होता. नकाशावर जहाजाचा शेवटचा ठिपका तेवढा उरला होता आणि मोबाईलवर तो त्यांना नीट दिसत नव्हता.

दुकानदारानं मॉनिटरवर तो नकाशा लावून दिला आणि सवयीनं सूचना सांगू लागला. दुसरं काय सांगणार?

"चाची, हात लांब केला की बोटं टेकतील, एवढ्या अंतरावर बसायचं."

त्यांनी हात लांब केला. बोट नेमकं ठिपक्यावर टेकलं आणि तिथंच राहिलं.

"एकसारखं बघू नका, डोळे दुखतील. मधेमधे नजर काढून लांब बघायचं. तुमच्या खिडकीतून समुद्र दिसतो ना?"

"ती खिडकी मी बंद केलीय, बाबा," बोट न उचलता त्या म्हणाल्या. "समुद्रात तो दिसत नाय. इथं हलला, तर कळेल तरी."