बाकाकडे तोंड करून बसणारे गोमाकाका

गोमाकाका कबड्डीचा सामना बघायला सगळ्यांच्या आधी यायचे आणि सामन्याकडे जवळजवळ पाठ करून बसायचे. आमच्या नवघरच्या मंडळाचे सात गडी मैदानात उतरले की उरलेले पाच राखीव गडी कडेच्या लाकडी बाकावर बसत. त्या बाकासमोर काकांची प्लॅस्टिकची खुर्ची असे. आत काय चाललंय ते त्यांना लोकांच्या ओरडण्यावरून कळायचं. मधूनच मान वळवून ते गुणफलक बघायचे आणि पुन्हा बाकाकडे वळायचे. "पाय गरम ठेवा रं. हाक कवा येल सांगता येत न्हाय," हे एका सामन्यात दहा वेळा तरी व्हायचं. हाक बहुतेक वेळा यायचीच नाही, पण काकांना बरं वाटावं म्हणून ते पाचही जण उठून चार उड्या मारून घ्यायचे.

मी मूळचा या गावचा नाही. शाळेत मराठी शिकवायला इकडे आलो आणि माझं अक्षर चांगलं आहे एवढ्याच गुणावर मंडळाचा चिटणीस झालो. पहिल्याच दिवशी काकांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि मी कधी कबड्डी खेळलोय का ते विचारलं. मी नाही म्हणालो. "मंग बरा हाय," ते म्हणाले, "खेळलेली मानसं बाकाकडं बघत न्हाईत." तेव्हापासून मी त्यांचा मास्तर. वयाने, शिक्षणाने कोणीही कितीही मोठा असो, काका त्याला 'तू'च म्हणायचे. ते ऐकायला मला आवडायचं.

त्यांच्या वडिलांची मिठागरं होती. ती गेली, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. काका मात्र जन्मभर भाईंदरच्या एका कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करत राहिले. बोटांच्या पेरांतला काळेपणा निवृत्त झाल्यावरही गेला नाही, आणि छातीतली खरखरही. काकी लवकर गेली, एकुलती मुलगी मंदाताई लग्न होऊन उरणला. उरलं ते मंडळ. मंडळासाठी काका तरुणपणी अकरा वर्षं खेळले. म्हणजे अकरा वर्षं बाकावर बसले. मैदानात उतरायला मिळालं ते सगळं मिळून चार वेळा, आणि त्या चार सामन्यांतली प्रत्येक चढाई त्यांना तोंडपाठ होती. एकदा मी चेष्टेने म्हटलं, काका, तुमची आख्खी कारकीर्द एका चहात सांगून होते. ते मनापासून हसले आणि चहा मलाच पाजायला लावला.

राखीव गड्यांमध्ये त्यांचा जीव होता भावेशवर. तेविशीतला पोरगा, अंगाने किरकोळ, पण पायात विलक्षण चपळाई. त्याचं दुर्दैव एवढंच की चढाईला पुढे सुजित होता, आणि सुजित जिल्ह्यातल्या चांगल्या चढाईपटूंपैकी एक. सुजित धडधाकट असताना भावेशला कोण उतरवणार? सामना हातातून गेला किंवा फारच हातात आला, की शेवटची तीन-चार मिनिटं त्याला मिळायची. तेवढ्यासाठी तो रोज संध्याकाळी सरावाला यायचा. काका म्हणायचे, "बाकावर कोन बसलाय ते ठाव असतं, म्हनून पुढचा बेधडक घुसतो."

तीन वर्षांपूर्वी घोडबंदरकडच्या एका मंडळाने निरोप पाठवला. त्यांच्याकडे चढाईपटू नव्हता, आमच्याकडे डावा कोपरा सांभाळणारा गडी नव्हता. तुमचा भावेश द्या, आमचा कोपरारक्षक घ्या, असा सरळ सौदा. भावेशला ते पहिल्या सातात खेळवणार होते. शिवाय ज्या स्पर्धांना ते जात, तिथे कंपन्यांच्या संघांची माणसं गडी हेरायला येत. त्यांना पसंत पडला की पोराला कायमची नोकरी. अशी नोकरी मिळायला वयाची अट असते. भावेशकडे जेमतेम दोन मोसम होते.

आठवडाभर चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. मंडळाला दरवर्षी जर्सी देणारे हार्डवेअरवाले शेठ या अदलाबदलीच्या बाजूने. ते म्हणायचे, "काका, बैठा हुआ देके चलता हुआ मिल रहा है. इसमें नुकसान किधर है?" काका त्यांच्याच हिंदीत उत्तर द्यायचे, "शेठ, वो बैठेला है ना, इसके वास्ते सुजित दौडता है." मग बोटांवर मुद्दे मोजायचे. उद्या सुजितचा गुडघा गेला तर चढाईला कोण, तुमचा अध्यक्ष? कोपरा काय, सराव केला की कुणालाही जमतो. चढाईचे पाय आईच्या पोटातून यावे लागतात. राखीव गडी दिलेला संघ म्हणजे स्टेपनी विकून लांबच्या प्रवासाला निघालेली गाडी. काकांचं बोलणं ऐकून टपरीवरची माणसं हळूहळू त्यांच्या बाजूला येत गेली. खरं सांगायचं तर मीही गेलो.

आमच्या मंडळात एक रीत आहे. गडी सोडायचा तर ना-हरकत पत्रावर सही चिटणीसाची असते, पण त्याआधी बैठकीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने मैदानातली चिमूटभर माती उचलून त्या गड्याच्या कपाळाला लावायची. ही रीत कुठल्या नियमावलीत लिहिलेली नाही. पण मातीशिवाय आजवर कुणी गेला नाही, आणि तशी सही करायची कुणा चिटणीसाची छाती झाली नाही. त्या वर्षी बैठकीत वडीलधारे होते गोमाकाका.

बैठकीच्या आदल्या दिवशी भावेश शाळेत येऊन मला भेटला होता. असं पत्र लिहायला किती वेळ लागतो, हे त्याने विचारलं. मी म्हटलं, दहा मिनिटं. त्यावर तो फक्त हसला आणि गेला. मी त्याच रात्री पत्र लिहून पिशवीत ठेवलं. त्याच्या मनात काय आहे, ते त्या बैठकीत माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर काकांना विचारलं. काका खुर्चीवरून हलले नाहीत. दोन्ही मुठी मांडीवर घट्ट मिटून म्हणाले, "मना ईचारशील तं न्हाय. पोऱ्या कुठं जायाचा न्हाय." अध्यक्षांनी भावेशकडे बघितलं. तो खाली बघत म्हणाला, काका म्हणतील तसं. आमच्याकडची पोरं वडीलधाऱ्यांसमोर याहून वेगळं काय म्हणणार? तेव्हा मी बोलायला हवं होतं. त्याला जायचंय, एवढे दोन शब्द. पण काकांचा शब्द मोडायचा संकोच वाटला, आणि परगावचा माणूस कशाला मध्ये पडा, असं मी स्वतःला समजावलं. पत्र पिशवीतच राहिलं.

ते दोन्ही मोसम सुजितला साधी सर्दीसुद्धा झाली नाही. तो प्रत्येक सामना पूर्ण खेळला. भावेश बसून होता आणि त्याच्यासमोर खुर्चीत काका खुशीत होते. घोडबंदरच्या मंडळाने दुसरीकडून एक चढाईपटू घेतला. दुसऱ्या मोसमाच्या शेवटी त्या मुलाला एका कंपनीच्या संघात नोकरी लागली. ही बातमी शेठनी टपरीवर आणली. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांनी आपली बातमी सांगितली. काकांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूनम सागर वसाहतीतल्या माझ्या घरी हजर. लिफ्ट बंद होती, तर चार मजले चढून आलेले. धाप काही थांबेना. पाणी प्यायल्यावर विचारलं, भावेशचं वय किती. मी सांगितलं. मग अट किती. तीही सांगितली. ते म्हणाले, पत्र लिही, आत्ताच्या आत्ता जाऊ.

आम्ही बसने घोडबंदरला गेलो. तिथल्या लोकांनी आम्हाला मानाने बसवलं, सरबत दिलं. काका हात जोडून म्हणाले, पोरगा घ्या, बदल्यात आम्हाला काही नको. त्यांचा प्रशिक्षक भला माणूस होता. त्याने समजावून सांगितलं की नोकरीला लागलेल्या मुलाच्या जागी आम्ही आधीच दुसरा गडी घेतलाय, आणि घेतला तरी वयामुळे कंपनीवाले त्याच्याकडे बघणार नाहीत. काकांनी मान हलवली. परत येताना खाडीच्या बाजूची खिडकी त्यांना मिळाली होती, पण ते बाहेर बघत नव्हते. एकदम म्हणाले, "मास्तर, मी अकरा वर्सं बसलो. मना कवाच कोनी मागाया आला न्हाय. याला मागाया आले व्हते, आन मी न्हाय बोललो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "संघाचं काय न्हवतं रं. मना सोबत पायजे व्हती."

टपरीवर ज्या मुद्द्यांनी आम्हा सगळ्यांना गार केलं होतं, ते सगळे त्या दिवशी बसमध्ये त्यांनी स्वतःच खोडून टाकले. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण इतका एकटा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्या नकारात माझाही वाटा होता.

उतरताना त्यांनी माझा हात धरला आणि एक काम सांगितलं. भावेशला तू सांग. गोमाकाका चुकले, माफी मागतायत, असं सांग. माझं तोंड त्याच्यासमोर उघडायचं नाही. मी हो म्हणालो.

भावेशने त्या मोसमानंतर कबड्डी सोडली आणि बाइकवर पार्सल पोचवायचं काम धरलं. तो मला दर चार दिवसांनी दिसायचा. पाठीवर भली मोठी बॅग, कानात फोन. हसून हात करायचा. मी प्रत्येक वेळी ठरवायचो, आज सांगू. पण काकांची माफी सांगायची तर माझ्या पिशवीतल्या पत्राचंही सांगावं लागलं असतं. मग वाटायचं, बिचारा घाईत आहे, पुढच्या वेळी बघू. काकाही त्याची बाइक दिसली की गल्ली बदलायचे. त्यामुळे भावेशला वाटत राहिलं की आपण खेळ सोडला म्हणून काका रागावलेत. हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी काकांची छाती पार बसली. मंदाताई येऊन राहिली. खाट बाहेरच्या खोलीत, दरवाज्यासमोर टाकलेली. मी रोज शाळा सुटल्यावर जायचो. एकदा त्यांनी विचारलं, "पोऱ्याला सांगितलंस का?"

मी सांगितलं म्हणालो. एवढंच म्हणून थांबलो नाही. भावेशच्या मनात काही नाही, उलट तुमची चौकशी करत होता, असं रचून सांगितलं. आजारी माणसाला दिलासा दिला, असं मला वाटलं. काकांचा चेहरा उजळलाही. मंदाताईला हाक मारून त्यांनी उशी उंच करून घेतली, म्हणजे दरवाजा नीट दिसेल. दुसऱ्या दिवशी म्हणाले, भावेश यायचा हाय, चहाचं दूध जास्ती घे. तिसऱ्या दिवशीही दूध जास्त घेतलं. रस्त्यावरून बाइक गेली की मान उचलायचे.

पाचव्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज उरला नव्हता. "त्याला माफी पोचली ना?" मी हो म्हणालो. "मंग आला का न्हाय रं तो?" मी म्हटलं, कामात असेल, येईल. काका म्हणाले, "न्हाय. बरोबर हाय त्याचं." आणि त्यांनी मंदाताईला उशी खाली करायला सांगितली.

मी तेव्हा उठून भावेशला फोन करायला हवा होता. तो दहा मिनिटांवर होता. मी उद्या करू म्हणून घरी आलो. काका पहाटे गेले.

स्मशानात मंडळाची सगळी पोरं आली. भावेश कामाच्या कपड्यांतच धावत आला आणि सगळ्यांच्या मागे उभा राहून हमसून हमसून रडला. सगळं आटोपल्यावर तो माझ्याजवळ आला. काका आजारी होते हे त्याला सकाळी ते गेल्याच्या निरोपासोबतच कळलं होतं. तुम्ही तर रोज जात होता, मग मला का नाही कळवलं, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, राहून गेलं.

"मी आलो असतो, सर," तो म्हणाला.