मगदूम बाईंचे तीन प्रश्न

बंबात पाणी भरून झालं होतं. अंगण झाडून, सडा टाकून मी बंबाच्या नळीत ढलप्या रचल्या आणि नेहमीसारखी बाजूला झाले. पेटवायचं काम सासूबाईंचं. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं, काडी हुकायची, बोट भाजायचं, तरी मी पुढे होत नसे. आमचे मालक गेल्यापासून मी काडी ओढली नव्हती. त्या सकाळीही बंब सासूबाईंनीच पेटवला. घरात नवा गॅस यायचा होता आणि त्याला ओवाळायला मगदूम बाई येणार होत्या.

बाईंच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथात मोठमोठी माणसं लिहितील. मी त्यांच्या शाळेत सेविका होते. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायचं काम माझ्याकडे होतं. तिथेच, नव्वदीच्या दशकात, बाईंची माझी ओळख झाली. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "इंदूबाई, तेवढा स्पिरिटचा दिवा लावा." मी काडेपेटी हातात घेऊन नुसती उभी राहिले. मुली हसायला लागल्या. बाईंनी दिवा स्वतः लावला आणि शिकवायला सुरुवात केली.

शाळा सुटल्यावर मात्र त्यांनी मला बसवून घेतलं. मी सांगितलं. कसबा बावड्याच्या गुऱ्हाळावर माझे मालक काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारायचे. एवढ्या मोठ्या जाळापुढं त्यांनी उभं आयुष्य काढलं, आणि घरच्या स्टोव्हनं त्यांचा घास घेतला. लोक म्हणाले, बायकोचा पायगुण.

बाईंनी धीराचे शब्द सांगितले नाहीत. त्यांनी विचारलं, "काय जळलं?"

"रॉकेल."

"हवा?"

"घरातलीच की."

"आणि ठिणगी कशाची?"

मी आठवून सांगितलं. स्टोव्ह मंदावला होता म्हणून मालकांनी पेटत्या स्टोव्हमध्येच रॉकेल ओतलं होतं.

"तापलेल्या स्टोव्हवर रॉकेलची वाफ होते. ती वाफ भडकली. इंधन, हवा आणि ठिणगी. आता सांगा, ह्यात तुमचा पाय कुठं हुता?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी घरी जाऊन रडले. ते रडणं मालकांसाठी होतं. तोवर मी स्वतःलाच रडत होते.

पुढे त्यांनी मला आठवीचं विज्ञानाचं पुस्तक दिलं. अडखळत, बोट ठेवून मी ते वाचलं, मग नववीचं, मग हाताला लागेल ते. भांडी धुता धुता त्यांचा तास कानावर पडायचा. बाईंच्या वर्गात 'आग लागली' एवढंच म्हणायची सोय नव्हती. तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, आई चुलीत फुंकर घालती तर जाळ हुतोय, आणि मेणबत्तीवर घातली तर इझती. असं कसं वं?" दुसऱ्या कुणी दटावलं असतं. बाई म्हणाल्या, "लई भारी प्रश्न! निखारा हवा मागतो, ती तू देतीस. मेणबत्तीत जळते मेणाची वाफ, ती तू उडवून लावतीस." आणि सगळ्या वर्गाकडून फुंकरी मारून घेतल्या.

समजत होतं मला सगळं. हात मात्र पुढे होत नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "माझं डोळं मिटल्यावर काय कच्चं पीठ खाशील व्हय गं?" त्यांच्या पदरानं एकदा चुलीशी पेट घेतला, तेव्हा गॅस घ्यायचं ठरलं.

तर ती सकाळ. सिलिंडर आला. सासूबाईंनी त्याच्या गळ्याला लाल दोरा गुंडाळला, हळदीकुंकू लावलं. जोडणी करणारा म्हणाला, "आज्जी, दोरा काढा, नीट बसत न्हाय." सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की पावणं, देवाचा हाय." कुरकुरत त्यानं रेग्युलेटर दोऱ्यावरच दाबून बसवला, बंद ठेवला आणि गेला. घरात आम्ही दोघी विधवा, म्हणून सासूबाईंनी सवाष्ण म्हणून बाईंना बोलावलं होतं. निरांजन लावल्यावर विझू नये म्हणून त्यांनी मागची खिडकी लावली, आणि मुहूर्त साधायला रेग्युलेटरचं बटणही फिरवून ठेवलं.

बाई आल्या. ताटाला हात लावणार तोच गॅसचा वास आला आणि थांबल्या. सासूबाईंनी निरांजन लावायला काडेपेटी उघडली होती.

"आज्जी, काडी खाली ठेवा."

"अगं, मुहूर्त..."

"खाली ठेवा म्हणते ना!"

एवढ्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. काडेपेटी काढून घेत त्यांनी बटण बंद केलं. "इंदूबाई, दिव्याचं बटण दाबू नका. खिडकी मी उघडते. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीवरून दारानं बाहेर जाणार. दाराबाहेर काय हाय?"

दाराबाहेर बंब होता. धडधडून पेटलेला.

"बाहेर व्हा, दार ओढून घ्या, आणि बंब विझवा."

"बाई, मी न्हाई..."

"काय जळतंय त्यात?"

"लाकूड."

"मग जावा."

मी बाहेर पडून दार ओढलं. आत माझी म्हातारी सासू आणि बाई. दाराखालच्या फटीकडे बघवत नव्हतं. बादली उचलली. तोंडावर धग आली आणि मालक दिसले. मी मनात म्हटलं, लाकूड, हवा, ठिणगी. वरून नळीत पाणी ओतलं. फस्सकन वाफ आणि राख अंगावर आली. पुन्हा ओतलं. निखारा काळा पडेपर्यंत ओतत राहिले. मग दार उघडून ओरडले, "बाई, इझला!"

तोवर बाई सासूबाईंच्या सुपानं जमिनीलगतची हवा खिडकीकडे ढकलत होत्या. मग त्यांनी ते सूप दाराकडे वळवलं. वास गेल्यावर त्यांनी दोरा कापून सासूबाईंच्या हातात दिला. "हा देवघरात ठेवा, आज्जी. इथं नको. जोडणाऱ्याला परत बोलवा, आणि साबणाचा फेस लावून बघितल्याशिवाय गॅस सोडू नका." सासूबाईंनी दोरा डोळ्यांना लावला. ओवाळणं राहून गेलं. बाईंनी माझ्या तोंडावरची राख स्वतःच्या पदरानं पुसली आणि तास चुकेल म्हणून तशाच शाळेत गेल्या. ही गोष्ट त्यांनी शाळेत कुणाला सांगितली नाही.

आता सासूबाई नाहीत, बाईही निवृत्त झाल्यात. त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं कमी व्हावं, डोळे शाबूत राहावेत, आणि कुणी 'आग लागली' म्हणून घाबरलं की तीन प्रश्न विचारायला त्या पुष्कळ वर्षं आमच्यासमोर असाव्यात, एवढंच मी मागते.

एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंबातली ओली राख काढली, कोरड्या ढलप्या रचल्या, काडी ओढली, आणि सासूबाईंच्या अंघोळीचं पाणी तापवलं.