उलटा पळणारा डिटरभाऊ

डिटरभाऊ रोज सकाळी उलटा पळायचा. तोंड आमच्या मळ्याकडे, पाठ मालेगावकडे, आणि पाय मागे मागे. सहा फुटांच्या वरचा गोरा माणूस असा रस्त्यानं उलटा जाताना पाहून म्हशी बुजायच्या, एसटीतले लोक खिडकीतून माना काढायचे.

मी पहिल्याच दिवशी हटकलं. "काहून उलटे पळून राह्यले भाऊ? पडसान ना."

तेव्हा त्याला आमची बोली येत नव्हती. हसला आणि हात हलवून गेला. उत्तर दिलं ते वर्षभरानं. "अप्पा, पुढं तं सगळेच पळते. बॅकले मागं पळता आलं पायजे. बॉलवरची नजर नाई काढायची."

बॅक म्हणजे फुटबॉलमध्ये आपल्या गोलापुढे उभा राहून समोरच्याला अडवणारा. डिटरभाऊ जर्मनीत पगारी बॅक होता. अकरा वर्षं खेळला. गुडघा गेला, खेळ सुटला, मग शेतीचं शिकला. विष न मारता पिकवलेली तूर विकत घेणाऱ्या एका कंपनीचा माणूस म्हणून तो आमच्याकडे आला आणि माझ्या मळ्यातल्या खोलीत तीन वर्षं राहिला. मी चौथीपर्यंत शिकलो, पण आमच्या शेतकरी गटाचा अध्यक्ष होतो. साहेबानं अध्यक्षाच्या मळ्यात राहावं, हे मला बरोबरच वाटलं.

"अकरा वर्षांत गोल किती मारले?" मी एकदा विचारलं.

"दोन."

"बस? त्याच्यापेक्षा जास्त वेळा तं आमचा गोऱ्हा दावं तोडते."

त्याला राग यायचा नाही. म्हणाला, "माह्यं काम माराचं नाई, अप्पा. होऊ नाई द्याचं. अन् जे झालंच नाई, ते पेपरात येत नाई."

शेवटच्या सामन्याची गोष्ट त्यानं एका दुपारी भाकर खाता खाता सांगितली. बरोबरी राहिली असती तरी त्यांचा संघ वरच्या गटात टिकला असता. वेळ संपत आली आणि बॉल आला. मागून त्यांचाच गोलकीपर ओरडला, "सोड, माझा." डिटरभाऊनं पाय आखडला. कीपर जागचा हललाच नाही. मग घाईत डिटरभाऊच्या गुडघ्याला लागून बॉल आपल्याच जाळ्यात गेला. संघ खाली गेला. कीपर सगळ्यांना म्हणाला, मी ओरडलोच नाही.

"मंग तुमी काय म्हणलं?"

"काई नाई. त्याचं पयलं वर्ष होतं. माह्यं शेवटचं. आता तिकडे कोणी माह्ये अकरा वर्षं नाई बोलत. तो एक बॉल बोलते."

मी हातातला तुकडा ताटात टाकला. "थो कीपर माणूस नोहे. ओरडला तं कबूल कराव. मी असतो तं भर मैदानात सांगतलं असतं."

डिटरभाऊ पाण्याचा तांब्या उचलत म्हणाला, "भर मैदानात जीभ जड होते, अप्पा."

त्याचा नियम कडक होता. गटातल्या प्रत्येकाच्या फवारणी पंपावर त्यानं पांढऱ्या रंगानं नंबर टाकले होते. माझा एक नंबर. पंप गटाबाहेर द्यायचा नाही. बाहेरच्यानं त्यात विषारी औषध भरलं तर धुतलं तरी ते आत राहतं, आणि एकाच्या पिकात सापडलं की अख्खा गट बाद. हे सगळ्यांना समजावून सांगायला तो मलाच उभं करायचा.

तिसऱ्या वर्षी तुरीवर अळी आली. अनसिंगहून माझे व्याही आले. चहा झाला, लेकीची खुशाली झाली, आणि उठताना ते म्हणाले, "आमचा पंप फुटला. दोन दिवस तुमचा देता का?" लेक ज्यांच्या घरी नांदते त्यांना पंपासाठी नाही म्हणायचं? आमच्याकडे पोरीचा बाप तसं करत नाही. मी स्वतः पंप त्यांच्या गाडीला बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी डिटरभाऊला पंप टांगायची खुंटी रिकामी दिसली. "अप्पा, एक नंबर कुठं?"

"दुरुस्तीले गेला."

त्यानं खुंटीला हात लावून पाहिला. पुन्हा विचारलं नाही.

व्याह्यांनी पंप चांगला विसळून परत आणला. मी त्यात निंबोळीचा अर्क भरून माझी तूर फवारली.

काढणीच्या आधी सगळ्यांच्या शेतातले नमुने तपासायला गेले. माझ्या नमुन्यात विष निघालं. कंपनीचे मोठे साहेब नागपूरहून आले आणि शिरपूरच्या गोदामात बैठक बसली. मी पुढच्या खुर्चीवर होतो. मागे गटातली सगळी माणसं, त्यांचा वर्षाचा माल टांगणीला लागलेला. साहेबांनी मलाच विचारलं, "अध्यक्ष, कोणाचा पंप बाहेर गेला होता?"

"आमच्या गटाचा पंप बाहेर जात नसते, साहेब," मी म्हणालो.

डिटरभाऊ भिंतीला टेकून उभा होता. माझ्याकडे पाहत होता. रागानं नाही. वाट पाहत होता. मी टोपी सारखी केली.

मग तोच म्हणाला, "अप्पांच्या नमुन्याची पिशवी मी जीपमध्ये औषधाच्या डब्याजवळ ठेवली होती. चूक माही."

साहेबांनी नमुना रद्द केला आणि माणूसही रद्द केला. माझं शेत त्या वर्षापुरतं वगळून बाकीच्या शेतांतून खात्रीसाठी नवे नमुने नेले, ते स्वच्छ निघाले. गट वाचला.

तो खोलीतलं सामान भरत होता तेव्हा मी दारात जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, "अप्पा, तुमची तूर गटाच्या पोत्यात नाई टाकायची. मालेगावच्या बाजारात न्या. चूक माह्या नावावर चालते. पण बॉल आत गेला नाई पायजे."

मी हो म्हणालो. आणखी काही म्हणायचं होतं, ते राहिलं. त्याऐवजी विचारलं, "त्या कीपरचा पुढं कधी फोन आला काय?"

"नाई."

"काहून?"

त्यानं बॅगेची चेन ओढली. "थे तुमीच सांगा, अप्पा."

मी तूर मालेगावला नेली. त्याचा शब्द तेवढा पाळला. त्याचा नंबर पोराच्या मोबाईलमध्ये होता. एकदा लावून घेतला. पलीकडे घंटी वाजली तसा मीच बंद करायला लावला.

गावात तो राहिला तो एवढाच. चहाच्या टपरीवर कोणी नाव काढलं की दुसरा म्हणतो, "जर्मन म्हंजे थोच ना, पिशवी डब्याजोळ ठेवणारा? एवढा शिकेल माणूस, अन् अक्कल पाहा." लोक हसतात. मी चहा पितो.

मागच्या महिन्यात कंपनीच्या नव्या माणसानं सांगितलं, डिटरभाऊ गेला. हृदय बंद पडलं. तिकडच्या पेपरात बातमी होती म्हणे. अकरा वर्षं एका ओळीत, आणि बाकी सगळा तो एक बॉल.

परवा गटाच्या बैठकीत पुन्हा त्या पिशवीची गोष्ट निघाली. मी उठलो. अध्यक्ष काय बोलतात म्हणून सगळे पाहू लागले. मी टोपी सारखी केली आणि खाली बसलो.

म्हणून हे लिहून ठेवतो. व्याह्यांचा दोष नाही, नियम त्यांना माहीत नव्हता. पिशवी डब्याजवळ नव्हती. एक नंबरचा पंप अनसिंगला गेला होता. माझ्या हातानं बांधून दिला होता.