ऑक्सिजनवरचा शेजारी

"शेजारी कोण हाय, ते आधी बघा," असं म्हणत ते खडूची बोटं कोटाला पुसायचे. त्यांचा काळा कोट उजव्या बाजूनं कायम पांढरा असे.

वर्गात पुस्तकी मराठीत सुरुवात करणारा आणि विषय रंगला की गावच्या बोलीवर उतरणारा एखादा प्राध्यापक तुम्हीही पाहिला असेल. हे तसे. शिरूरला रसायनशास्त्र शिकवायचे, राहायला दौंडला. मीही त्याच विभागात नवा, आणि खोली दौंडलाच. त्यामुळे एसटीत आम्ही शेजारी. गाडी सुटली की ते माझ्या डाव्या खांद्यावर डोकं टेकून झोपत. घरी पोचेपर्यंत सदऱ्यावर खोबरेल तेलाचा गोल डाग. धोबी म्हणाला, "सर, खांद्याला बी तेल लावता व्हय?"

सत्तरनंतर एका वर्षी अभ्यासक्रमात एनएमआर आलं. पदार्थ मोठ्या चुंबकात ठेवायचा, त्यात रेडिओलहरी सोडायच्या आणि कागदावर उमटलेल्या शिखरांवरून रेणूतला कुठला हायड्रोजन कुणाशेजारी बसलाय ते ओळखायचं. यंत्र आम्ही दोघांनीही पाहिलेलं नव्हतं. प्राचार्य म्हणाले, "जमत नसेल तर पुण्याहून कुणाला बोलावू."

हे त्यांना लागलं. "पुण्याचा माणूस शिकवून जाईल. मग पोरांनी शंका कुणाला इचारायच्या?"

नियम सोपा होता. शेजारी जितके, त्याहून एक शिखर जास्त. त्यांनी फळ्यावर अल्कोहोलचा रेणू काढला. वर्ग खूश. मधल्या हायड्रोजनांना एका बाजूला तीन शेजारी, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनवर बसलेला एक. चार शेजारी, म्हणून त्यांनी पाच शिखरं काढली.

मागून एक जण म्हणाला, "सर, पुस्तकात चारच हायेत."

"जास्त झाली वाटतं!" दुसरा म्हणाला. वर्ग हसला, तेही हसले. "पुस्तक बरोबर. का, ते उद्या सांगतो."

हशा ऐकून प्राचार्य दारात आले होते. म्हणाले, "उद्या मीही बसतो."

त्या संध्याकाळी एसटीत ते झोपले नाहीत. ऑक्सिजनवरचा हायड्रोजन भराभर जागा बदलतो, एवढंच पुस्तकात होतं. माझ्या उजवीकडे पेरूवाली बसली, उतरली. मग कोंबडी घेतलेला एक जण. न्हावऱ्याला तोही उतरला, तिसराच कुणी बसला.

एकाएकी त्यांनी मला ढोसलं. "पाव्हणं, पेरूवालीचं तोंड आठवतं का?"

"नाही बुवा."

"आन् माझं?"

"तुमचा तर डाग पडतो खांद्यावर!"

"मग! जो टिकून बसतो, त्याचाच डाग पडतो. त्यो ऑक्सिजनवरचा गडी दर थांब्याला उतरतोय, त्याला शेजारी कशाला मोजायचा?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकावर तिघांना घट्ट बसवलं आणि चौथ्या जागेवर सगळा वर्ग फिरवला. एक बस, दुसरा ऊठ. धांदलीत प्राचार्यांनाही उठवून तिथं बसवलं. "झालं, उतरा साहेब!" पुण्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

गेल्या महिन्यात ते गेले. दौंडच्या स्मशानात त्यांना पोचवून दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो, तास घेतला. परतीच्या एसटीत माझ्या डावीकडे बरेच जण बसले आणि उतरले. खोलीवर येऊन सदरा काढला, दिव्यापाशी धरला.

खांदा स्वच्छ होता.