बारेंडच्या बंदुकीचं माप

काडतुसं भरायला बसलं की पंखा बंद. मांजर बाहेर. रेडिओ चालेल, पण हवामानापुरता. गाणं लागलं की हेस्टरचं बोट ठेक्यावर हलतं आणि तराजूत बंदुकीच्या दारूचे दाणे जास्त पडतात. कॉफी आधी उरकायची, टेबलाशी नाही. गोळ्यांचा डबा उघडला की पहिल्यांदा वास घ्यायचा. भरलेलं काडतूस कानाशी धरून हलवायचं, मग अलगद खोक्यात ठेवायचं, तान्हं निजवावं तसं.

"शिशाला वास नसतो, तान्नी," नेरीना एकदा म्हणाली.

"तुला येत नसेल," तान्नी हेस्टर म्हणाली.

तिच्याहून लहान असलेला गावातला प्रत्येकजण तिला तान्नी म्हणतो, मावशी म्हणावं तसं; आणि वयस्कर पुरुषाला ऊम, काका म्हणावं तसं. नेरीना साहित्य शिकून इथल्या शाळेत भाषा शिकवायला आली आणि तिच्या परसातल्या खोलीत भाड्याने राहिली. कारूच्या या कोरड्या माळावर आपली मैत्री कोणाशी जमलीच तर ती काडतुसं भरणाऱ्या एका विधवेशी जमेल, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

हेस्टरला जड गोळ्याच लागत. लांब, बोथट नाकाच्या. कारण तिची बंदूक. वडिलांकडून आलेली सात मिलिमीटरची माउझर. इतकी वर्षं चालून तिच्या नळीचा गळा झिजला होता. हलकी, आखूड गोळी काडतुसाच्या पितळी पुंगळीतून सुटली की नळीतले पिळाचे आटे गाठेपर्यंत पोकळीत कलंडायची आणि मग मन मानेल तिकडे जायची. लांब गोळी मात्र पुंगळीतून जरा बाहेर काढून बसवली की तिचं नाक आधीच आट्यांना टेकायचं. हेस्टरची काडतुसं म्हणूनच दुकानातल्यांपेक्षा उंच दिसत. ती फक्त तिच्याच बंदुकीची होती. इतर कोणासाठी ती भरत नसे. सख्ख्या भावाने मागितली होती. पाद्रीबाबांनीही मागितली होती.

"परक्या नळीचं मला काय ठाऊक?" ती म्हणायची. "दुसऱ्याच्या तोंडाच्या मापाची कवळी मी आंधळेपणाने घडवायची की काय?"

रविवारी चर्चनंतर बारेंड उलोफ्से संत्र्यांची पिशवी घेऊन यायचा. शेजारच्या मेंढ्यांच्या फार्मवरचा विधुर. हसला की त्याचे डोळे पार मिटायचे. त्याची बंदूक त्याच जातीची, पण बरीच नवी, आणि काडतुसं दुकानातली, हलक्या गोळीची. ओट्यावर बसून, कुडू हरणांच्या शिकारीचा विषय निघाला की, दोघं त्यावरून भांडत.

"हेस्टर, तुझी गोळी निघून पोचेपर्यंत कुडूला नातवंडं होतात."

"आणि तुझी पोचते तेव्हा मांसाचा खिमा होतो. मला मांस वाळवायचं असतं, बारेंड. चमच्याने गोळा करायचं नसतं."

"हळू बोल. पोरगी ऐकतेय."

"ऐकू दे. शिकेल."

त्या हिवाळ्यात बारेंडने फार्म विकला. गुडघे मेंढ्यांमागे धावेनात. स्टिलबायला समुद्रावर त्याने छोटं घर घेतलं आणि एका रविवारी, संत्रं सोलता सोलता, हेस्टरला विचारलं की तीही येईल का. बायको म्हणून.

नेरीना आत वह्या तपासत होती. तिचा लाल पेन जागीच थांबला.

"समुद्रावर सगळं गंजतं," हेस्टर म्हणाली.

"तेल लावू."

"तुला की बंदुकीला?"

"दोघांना लाव."

तिने सोललेल्या संत्र्याची फोड त्याच्या हातातून घेतली. मग म्हणाली, "यंदाची शिकार होऊ दे. मग सांगते."

रात्री जेवताना नेरीनाला राहवलं नाही. "तान्नी, काय सांगणार मग?"

"काय माहीत." हेस्टरने ताटात बटाटा कुस्करला. "माणूस चांगला आहे. पण या वयात मी कोणाच्या मापाची उरले आहे का, तेच कळत नाही. माझा नवरा फ्लिप गेल्यापासून घरात दुसऱ्याचं घोरणंसुद्धा ऐकलेलं नाही."

"ऊम बारेंड घोरतात?"

"चर्चमध्ये घोरतो. घरी काय गप्प बसणार आहे?"

शिकारीच्या दिवशी पहाटे गवतावर दहिवर गोठलं होतं. तिघंही बारेंडच्या पिकअपमधून ओढ्यापर्यंत गेली आणि पुढे चालत. फार्मवरचा त्याचा हा शेवटचा हिवाळा, म्हणून पहिली गोळी त्याची, असं हेस्टरने आधीच जाहीर केलं होतं. काटेरी झुडपामागे तिघं पालथी पडली. हेस्टर दुर्बिणीला डोळे लावून, बारेंड मधे, नेरीना मागे, थंडीने दात वाजू नयेत म्हणून ओठ आवळून.

ऊन डोंगरावरून खाली उतरलं आणि त्याबरोबर कुडूचा नरही. शिंगांना पीळ, मानेखाली दाढी, कूस दाखवत आडवा उभा.

"आता," हेस्टर पुटपुटली.

बारेंडने खिशात हात घातला. खिशात चष्म्याची डबी होती. दुसऱ्या खिशातून संत्रं निघालं, ते त्याने समोर ठेवलं. काडतुसं पिकअपमध्ये राहिली होती. हेस्टरची नजर दुर्बिणीतून हलली नव्हती, आणि तिचं काडतुसांचं खोकं दोघांच्या मधे उघडं पडलं होतं. दोन्ही बंदुकांवर एकच आकडा कोरलेला. बारेंडने एक उंच काडतूस उचललं, आपल्या बंदुकीत घातलं आणि कडीसारखा बोल्ट पुढे सारला.

बोल्ट बंद होईना. त्याने जोर लावला. मग आणखी जोर लावला. त्याच्या नव्या नळीत आटे फार जवळ होते; हेस्टरची लांब गोळी त्यांत पाचरीसारखी रुतली. त्याने घाबरून बोल्ट मागे ओढला. पुंगळी बाहेर आली. गोळी आतच राहिली. काळ्या तिळांसारखी दारू भुरुभुरु त्याच्या कोटाच्या बाहीवर, दाढीत आणि संत्र्यावर सांडली.

हेस्टरने दुर्बीण खाली घेतली. रिकाम्या पुंगळीकडे पाहिलं. बारेंडच्या दाढीकडे पाहिलं.

नेरीनाने गवतात तोंड लपवलं. याच बाईने एकदा पाद्रीबाबांना काडतुसांच्या टेबलावर कोपर टेकलं म्हणून उठवलं होतं.

"बारेंड," हेस्टर म्हणाली, "काय चोरलंस तू?"

"एकच," बारेंड म्हणाला.

आणि हेस्टर हसायला लागली. आधी नाकातून, मग पोट धरून, मग पार उताणी होऊन. कुडूने मान वळवून या म्हातारीकडे पाहिलं आणि सावकाश, मानाने, झाडीत निघून गेला.

पिकअपशी आल्यावर तिने सफाईचा गज नळीच्या तोंडातून आत घातला आणि तळहाताने हलकेच ठोकला. गोळी सुटून खाली आली. तिने ती उन्हात धरली. नाकाच्या मागे आट्यांच्या बारीक खुणा गोल उमटल्या होत्या. ती गोळी फिरवत राहिली. बारेंड दाढी झटकत शिव्या खाण्याची वाट बघत उभा होता.

"हे बघ," ती म्हणाली. "तुझे आटे इथून सुरू होतात. तुझ्या नळीचं माप."

"बरं."

"गोळी एवढी आत बसवावी लागेल. दारूही माझ्यापेक्षा कमी घालून सुरुवात करावी लागेल. नवी नळी आहे, हट्टी असेल." तिने गोळी रुमालात बांधली. "बंदूक माझ्याकडे ठेवून जा."

बारेंडचा हात दाढीतच राहिला. हेस्टर कोणासाठी भरत नाही, हे त्याला माहीत होतं. साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं.

"परत कधी देशील?" त्याने अगदी जपून विचारलं.

"वेळ लागेल. परकी नळी आठवड्यात कळत नाही."

"पण मी तर या महिन्याअखेर निघतोय."

"मग बंदूक जाईल तिथे मलाही जावं लागेल. दुसरं काय करणार?"

बारेंडने दाढीतून हात काढला. "तिथे गंजतं म्हणालीस."

"तेल लावू म्हणालास ना?"

परतताना तो फार्मच्या फाटकात वळायचं विसरून सरळ पुढे गेला. उघडं होतं, तरी. नेरीना मागे पिकअपच्या हौद्यात उभी होती. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंय, असं तिने स्वतःला सांगितलं.

लग्न छोटंसंच झालं. दुधाचा केक, कोळशावरची भाकरी, कोकराच्या फासळ्या. त्याआधीचे दिवस हेस्टर टेबलाशीच होती. बारेंडच्या जुन्या पुंगळ्या तिने घासल्या, त्यांची तोंडं सारखी केली. पिकअप सामानाने भरून दारात आला तरी ती तिथेच.

"हेस्टर, समुद्र आटेल," बारेंडने बाहेरून हाक मारली.

"आटू दे. तेवढा गंज कमी."

पण उठली. काडतुसं भरायचं यंत्र टेबलाला पक्कं बसवलेलं होतं, त्याचे नट हलेनात. ते आणि अर्धवट पुंगळ्या पुढच्या फेरीला न्यायचं ठरलं. दारापाशी ती वळली.

"नेरीना, टेबलाला हात लावू नकोस. कुंभारीण माशी भोकं दिसली की चिखलाचं घर बांधते. तेवढं झाकून ठेव."

नेरीनाने दुधाच्या भांड्यावरची मण्यांची जाळी आणून वर पांघरली. खाली लाकडी ठोकळ्यात बारेंडच्या पुंगळ्या तोंडं वर करून ओळीने उभ्या आहेत. बुडाशी ठिणगीच्या टोप्या बसवून झाल्या आहेत. दारू घालायची आहे, आणि गोळ्या बसवायच्या आहेत.