शेठचा खोकला

आमच्या वाडीत थंडीच्या दिवसांत माणूस दिसायच्या आधी त्याचा खोकला ऐकू यायचा. पोस्टमनचा सुका, दाराची कडी वाजवल्यासारखा. हेडमास्तरांचा घशातल्या घशात, जणू खोकल्यालाही वर्गात बोलायची बंदी. मला सगळ्यांचे हुबेहूब काढता यायचे. मुलीच्या जातीनं पुरुषांचे खोकले काढू नयेत, असं शेजारची काकी म्हणायची. मग तिचाही काढला.

वाडीच्या खोलगटात शेठची काजूची भट्टी होती. कढईत काजू भाजले की सालीतलं तेल पेट घ्यायचं आणि घसा सोलणारा काळा धूर निघायचा. आई तिथंच भाजलेले काजू फोडायला बसायची. पावसाळ्यात तो धूर कुठं जायचा, कळायचंही नाही. पण पौषात सकाळी बघावं तर घरांवर गोधडीसारखा पसरलेला, माड अर्धेच दिसायचे. शेठ म्हणायचा, "धूर खंय आसा? ह्यां धुकां. देवान धाडलेलां."

शाळेत विज्ञानाच्या मास्तरांनी एक बाटली आणली. तळाशी कोमट पाणी. तोंड लावून फुंकून जोरात हवा भरली आणि एकदम सोडली. काही नाही. मग विझत्या काडीचा धूर आत सोडून पुन्हा तेच केलं, तर बाटली आतून धुक्यानं पांढरी झाली.

"हवेतल्या पाण्याला बसायला पाट लागतो," मास्तर म्हणाले. "धुराचा कण हा पाट. रात्री जमीन गार होते, तिला टेकलेली हवा गार होते, आणि वरची ऊबदार हवा झाकणासारखी बसते. खालचा धूर वर जाणार कुठून? खारा वारा सुटेपर्यंत तिथंच कोंडतो."

मी विचारलं, "म्हणजे शेठचं धुकं शेठच्याच कढईतलं?"

मास्तर फळा पुसायला वळले. शाळेच्या छपराचे पत्रे शेठनं दिले होते.

स्नेहसंमेलनात माझी नक्कल होती आणि पाहुणा शेठच. कुणीतरी चुगली केली. भट्टीचा मुकादम घरी येऊन माझ्याकडे बोट दाखवत आईला म्हणाला, "चेडवाक सांग. शेठचो खोकलो काढल्यान तर उद्यापासून भट्टीर येव नको."

आईनं आधी स्वतःचे हात बघितले. तेलानं बोटांची सालं गेलेली.

"येता काय गो तुका तेचो खोकलो?"

"येता."

"मगे काढ." आणि मुकादमाला, "शेठाक सांग, अशे हात खंयसून हाडतलो ता बघूया." असे हात दुसरीकडून आणणं सोपं नव्हतं, हे मुकादमालाही ठाऊक होतं.

मी काढला. आधी मास्तरांच्या आवाजात बाटली, मग शेठच्या आवाजात "देवान धाडलेलां", मग खोकला. पोटातून निघून वर चढणारा, शेवटी शिट्टी. मंडप हसून लोळला. शेठ लाल होऊन उभा राहिला, "ह्यां धुकां" म्हणाला आणि तिथंच अडकला. पोटातून, वर, शिट्टी. लोकांना वाटलं मीच परत काढतेय. माझं तोंड बंद होतं.

दुसऱ्या दिवशी भट्टीच्या फाटकात मुकादम आडवा उभा राहिला. आई थांबली तशा मागच्या सगळ्या बायका थांबल्या. एकीनं खोकून शेवटी शिट्टी मारली. मग दुसरीनं. मग सगळ्यांनी. मुकादम बाजूला झाला.

भट्टी अजून धूर सोडते. मीही रोज शाळेला जाताना त्या फाटकाशी थांबते आणि एकदा खोकते, शिट्टीसकट.