लेकीचं बेट

एटापल्लीत आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंनी वरोऱ्यापुढचं जग पाहिलेलं नाही. पण लेक लक्षद्वीपला नर्स झाल्यापासून त्या परातीत पिठाचे ठिपके मांडून मला तिथली बेटं दाखवतात.

परवा माझ्यासमोरच लेकीचा फोन आला. ती रडत होती. "आई, चहूकडं पाणीच पाणी. परत येऊ काय?"

बाई ताठ बसल्या. "पुरात आपलं गाव तुटते, तवा आपण नर्सबाईची कशी वाट पाह्यतो? तिथल्या बायांचंबी तसंच. तू तिथीच राह्य. मीच येतो."

फोन ठेवून त्यांनी थैलीत वाळलेली मोहफुलं भरायला घेतली. "कोचीहून जहाज असते म्हणते."

मी म्हणालो, "बाई, तुमाले पोहता येत नाई."

"जहाजाले येते ना!"